अडीच लिटरची बाटली: लेन्स पुसायच्या लिक्विडची एक सामूहिक खरेदी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि संकेश्वर इथल्या सतरा जणांनी मिळून लेन्स पुसायचं लिक्विड एकगठ्ठा घ्यायचं ठरवलं, त्याची ही हकीकत. हिशेबाची वही माझ्याकडं होती, म्हणून लिहिण्याचं कामही माझ्याकडंच आलं. माणसांची आणि दुकानांची नावं काढून टाकली आहेत. आकडे वहीतले आहेत, आणि त्यातले काही लिहिताना मला अजून लाज वाटते.

पार्श्वभूमी

सतरापैकी पाच जण लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओवाले. एकाची पॅथॉलॉजी लॅब, तिथं रोज सूक्ष्मदर्शकाखाली तेल लावून स्लाइड बघायच्या. एक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, त्यांच्याकडं आठ इंची आरशाची दुर्बीण. एक बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर आणि रविवारचा फोटोग्राफर. आठ जण पक्षी बघणारे, बहुतेक खानापूर तालुक्यातले. आणि मी, बँकेतून निवृत्त झाल्यावर गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणारा.

आमच्या भागात काचेला दोन शत्रू. एक पाऊस. खानापूरच्या पुढं जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटाकडं जूनपासून जे सुरू होतं त्यात कपाटातल्या घडीच्या कपड्यांनाही वास मारतो, मग कॅमेऱ्याच्या बॅगेचं काय. भीमगड अभयारण्य जाहीर झालं २०११ साली, पण त्याच्या काठाकाठानं हिंडणारी आमची मंडळी त्याआधीपासूनची. त्यांच्यातल्या प्रत्येकाची एक तरी लेन्स बुरशीनं गेलेली आहे. दुसरा शत्रू धूळ. निपाणीत तंबाखूच्या हंगामात हवेत जे तरंगत असतं ते लेन्सवर बसलं की नुसत्या फुंकरीनं जात नाही, चिकटून राहतं. उद्यमबागेत फाउंड्रीची बारीक वाळू. ती तर पुसायच्या आधी ब्लोअरनं उडवली नाही तर काचेवर कायमचा ओरखडा.

हे लिक्विड आम्ही सगळे आपापल्या गावातल्या दुकानातून घेत होतो. साठ मिलीची बाटली, एकशे ऐंशी रुपये. म्हणजे मिलीला तीन रुपये. कुठं कॅमेऱ्याचं दुकान, कुठं मोबाईलच्या कव्हरांच्या मधे टांगलेलं पाकीट. बाटली संपली की दुसरी, त्याचा विचार कुणी केला नव्हता.

अडचण

सुरुवात निपाणीच्या स्टुडिओवाल्यापासून झाली. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की याच्या तारखा भरायला लागतात. त्या वर्षी पहिल्याच लग्नात अक्षता पडायच्या वेळी काढलेले सगळे फोटो धुरकट आले. मांडवातल्या प्रत्येक दिव्याभोवती वलय. त्याला वाटलं लेन्स गेली. पुण्याला दुरुस्तीला पाठवली, तर आठ दिवसांनी परत आली ती या निरोपासह की आत काही नाही, समोरच्या काचेवर तेलकट थर होता, पुसून दिला आहे.

थर आला कुठून? तो तर प्रत्येक कार्यक्रमाआधी लेन्स पुसत होता. नव्या बाटलीतल्या लिक्विडनं.

ती बाटली त्यानं आमच्या प्राध्यापकांकडं आणली. सरांनी काचपट्टी साबणाच्या पाण्यानं धुतली, डिस्टिल्ड वॉटरनं खंगाळली, वाळवली, काळ्या कागदावर ठेवली आणि मधोमध एक थेंब सोडला. दहा मिनिटं. मग बॅटरी बाजूनं, अगदी तिरकी धरली. थेंबाच्या जागी पांढुरकं कडं उमटलेलं, आत इंद्रधनुष्यासारखे रंग. शेजारी नळाच्या पाण्याचा थेंब टाकला होता, त्याचंही कडं होतं. बाटलीतल्या लिक्विडचं कडं त्याच्यापेक्षा जाड.

बाटली मूळचीच तशी होती की कुणी रिकामी बाटली भरून परत विकली, ते आम्हाला सिद्ध करता आलं नाही. झाकणाचं सील होतं का, हे त्या पठ्ठ्याला आठवत नव्हतं. बिल तर नव्हतंच. ज्या दुकानातून घेतली त्यानं हात वर केले. इथं एक गोष्ट कबूल करायला हवी: तोवर आमच्यापैकी कुणीही या बाटलीचं बिल कधी मागितलं नव्हतं.

सरांच्या घरी त्या दिवशी आम्ही पाच जण होतो. पट्टीवरचं कडं बघितल्यावर जो तो घरी जाऊन आपली बाटली घेऊन आला. तीन बाटल्या स्वच्छ निघाल्या, एकीचं हलकं कडं. आणि तिथंच कुणीतरी म्हणालं, "सगळे मिळून एकदाच चांगलं आणूया की. ह्या साठ-साठ मिलीच्या भानगडीत कशाला पडायचं?"

पुढ्यात काय काय होतं

पहिला मार्ग मुंबईच्या आयातदाराकडून खास ऑप्टिक्ससाठी बनवलेलं तयार लिक्विड पेटीनं मागवायचा. असं लिक्विड म्हणजे मिश्रण असतं: पाणी, अल्कोहोल, आणि मळ सोडवायला अगदी थोडं साबणासारखं काहीतरी. किंमत बरी होती, पण किमान मागणी चोवीस बाटल्यांची आणि पैसे आगाऊ. शिवाय ज्वलनशील म्हणून विमानानं येणार नाही, ट्रान्सपोर्टनं येईल, केव्हा येईल ते तो सांगेना.

दुसरा, प्रयोगशाळेच्या दर्जाचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. लॅबवाल्याची सूचना. अडीच लिटरची तपकिरी काचेची बाटली, शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर, आणि लेबलवर बाष्पीभवनानंतर किती अवशेष राहतो त्याची मर्यादा छापलेली. भाव १,४५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी.

तिसरा मार्ग फुकटचा होता, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त वेळ त्यानंच खाल्ला. फाउंड्रीवाला म्हणाला, "आयपीएच पाहिजे न्हवं? आमच्याकडं बॅरल पडलाय." खरंच होतं. साच्याला आतून झिरकॉनचा लेप देतात, तो पातळ करायला हेच अल्कोहोल वापरतात. लेप दिल्यावर काडी लावली की निळसर ज्योत फिरते, अल्कोहोल जळून जातं आणि लेप वाळतो. बेळगावात इतक्या फाउंड्र्या आहेत की हा माल इथं नवा नाही. मालकाला विचारून त्यानं पाण्याच्या बाटलीत थोडं आणलंही. काचपट्टीवर टाकलं. कडं बघून सर हसले. बॅरलचा पंप, त्याच पंपानं दुसरं काय काय काढलेलं, वर बाटली पेप्सीची. साच्यासाठी तो माल उत्तम आहे. दीड लाखाच्या लेन्ससाठी नाही.

मेथॅनॉलचं नावही निघालं. कॅमेऱ्याचा सेन्सर पुसायची काही लिक्विडं त्याचीच असतात आणि ते डाग सोडत नाही. पण ते विष आहे, पोटात गेलं तर आधी डोळे जातात, आणि बाळगायला कायद्याची बंधनं. डोळ्यापुढची काच पुसायला आणायचं आणि घरात पोरं, असं म्हणून लॅबवाल्यानं ते पहिल्या पाच मिनिटांतच बाद केलं. तो विषय मी परत काढला नाही.

आणि शेवटचा मार्ग, आहे तसंच चालू ठेवायचं: गावातल्या दुकानातून घ्यायचं, पण सील बघून, बिल घेऊन. याच्या बाजूनं त्या दिवशी एकच माणूस बोलला, खानापूरचे काका. "मला वर्षाला एक बाटली लागत नाही ओ," ते म्हणाले. "दुकान माझ्या घरापासून शंभर पावलांवर आहे." त्यांचं वय आणि त्यांचा काटकसरी स्वभाव यावर दोन विनोद झाले आणि मुद्दा तिथंच राहिला. या प्रकरणात सगळ्यात महाग पडलेले विनोद तेच.

काय ठरलं, आणि कशाच्या जोरावर

टिळकवाडीत एकाच्या घरी बैठक झाली. मी फळ्यावर आकडे मांडले. दुकानात मिलीला तीन रुपये. अडीच लिटरची बाटली १,७११ ला, म्हणजे मिलीला सत्तर पैसेसुद्धा नाहीत. छोट्या बाटल्या, लेबलं, पेट्रोल सगळं धरलं तरी दीड रुपयाच्या आत. निम्म्यात काम. हात वर झाले.

प्राध्यापकांनी एक शंका काढली होती. तेलाचा, बोटांचा डाग अल्कोहोलनं जातो, पण घामाचा आणि समुद्राच्या फवाऱ्याचा डाग मिठाचा असतो, त्याला पाणी लागतं. कोऱ्या अल्कोहोलनं मीठ नुसतं इकडून तिकडं सरकतं. शिवाय ते इतकं झटकन उडतं की मोठ्या काचेवर पुसता पुसताच ओघळ वाळतात. म्हणजे आपल्याला हवंय ते तयार मिश्रण, आणि आपण घेतोय त्यातला एकच घटक. यावर उत्तर आलं की डिस्टिल्ड वॉटर मेडिकलमध्ये मिळतंच, आपण मिसळू. सर गप्प बसले.

आज वही उघडली की दिसतं, त्या बैठकीत आम्ही मिलीचा भाव चार वेळा काढला. प्रत्येकाला वर्षाला किती मिली लागतं, हा आकडा कुठंच नाही.

दुसरा एक निर्णय मात्र बरा झाला. रसायनाच्या व्यापाऱ्यानं विचारलं, कशासाठी हवं, कुणाच्या नावानं बिल करू. कॉलेजच्या लेटरहेडवर मागवलं तर प्रश्न येणार नाहीत, असं एकानं सुचवलं. सरांनी चक्क नाही म्हटलं. कॉलेजच्या नावावर घेतलेला माल कॉलेजच्या कपाटात दिसला पाहिजे. मग बिल लॅबच्या नावानं झालं, उपयोग खरा तो लिहिला. त्याचा तोटा एवढाच की जीएसटीची वजावट एकट्या लॅबच्या नावानं दिसत होती, आणि नोंदणी असलेले दोन स्टुडिओवाले त्यावर थोडे कुरकुरले.

खरेदी आणि बाटल्या भरणं

प्रत्येकी २१० रुपये जमले, एकूण ३,५७०. अडीच लिटरची बाटली १,७११. साठ मिलीच्या तपकिरी काचेच्या चाळीस बाटल्या, २२ रुपयांप्रमाणे ८८०. नरसाळं, गाळणकागद, हातमोजे, लेबलं ३५०. दोन फेऱ्यांचं पेट्रोल ६००. एकूण ३,५४१. शिल्लक २९.

बाटल्या भरायला आम्ही माझ्या घरी स्वयंपाकघरात बसणार होतो. टेबल मोठं, उजेड चांगला. आमच्या सौभाग्यवती दारात उभ्या राहिल्या. "काय करायलाय तुम्ही? आणि मी चहाला गॅस पेटवायचा का नाही?" तेव्हा लॅबवाल्यानं लेबलवरचं ज्योतीचं चिन्ह दाखवलं. या अल्कोहोलची वाफ बारा अंश सेल्सिअसच्या आसपाससुद्धा ठिणगीनं पेट घेऊ शकते. बेळगावच्या थंडीतही घराच्या आत कायम त्याहून जास्तच असतं. शेजारच्या खोलीत देवघर, त्यात समई. आम्ही मुकाट्यानं सगळं उचलून गच्चीवर गेलो. उरलेला साठा पुढं मी जिन्याखालच्या लोखंडी कपाटात ठेवला, पण तो शहाणपणा माझा नव्हता.

चाळीस बाटल्या भरल्या. बाटलीवाल्यानं ड्रॉपर चौतीसच दिले होते, सहा बाटल्यांना साधी आट्यांची झाकणं. मी त्याच्याशी फोनवर भांडलो. ड्रॉपरच्या बाटल्या सभासदांना दोन-दोन, साध्या झाकणाच्या सहा माझ्या कपाटात. हे भांडण किती फुकटचं होतं ते दीड महिन्यानं कळलं.

बाहेरगावी पोचवणं हेही डोकेदुखीचं निघालं. ज्वलनशील पदार्थ पोस्ट घेत नाही, कुरिअरवाल्यानं पेटी हलवून बघितली आणि परत दिली. बसमधून पार्सल पाठवणं चुकीचं. निपाणीवाला आणि चिकोडीवाला शेवटी स्वतः आले. निपाणीहून बेळगाव पाऊणशे किलोमीटरच्या घरात, कोल्हापूर त्याच्या निम्मं. तो म्हणालाच, "सर, एवढ्या पेट्रोलमध्ये मी कोल्हापूरला दोनदा जाऊन आलो असतो." त्याचं ते पेट्रोल माझ्या ६०० रुपयांत धरलेलं नाही.

कुठं फसलं

जानेवारीच्या शेवटी निपाणीचाच फोन. "ओ सर, पुन्हा तोच थर."

मला आधी राग आला. मग संकेश्वरचा फोन आला. मग लॅबवाल्याचा, आणि तो आल्यावर राग गेला. लॅबवाल्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या शंभर पटीच्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगावर, रोज तेल लागतं. पूर्वी झायलीननं पुसायची पद्धत होती, त्यानं काच बसवायचा सिमेंटसारखा गोंद सैल पडू शकतो म्हणून त्यानं हे नवं लिक्विड वापरायला घेतलं होतं. आता त्याला प्रत्येक स्लाइड धुक्यातून दिसत होती.

पुन्हा काचपट्टी, काळा कागद, बॅटरी. लॅबवाल्याच्या बाटलीतला थेंब: कडं. निपाणीच्या बाटलीतला: जाड कडं, पिवळसर. माझ्या कपाटातल्या, साध्या झाकणाच्या बाटलीतला: काहीच नाही. काच कोरी. सरांनी पट्टी उलटी करून बघितली, माझा चष्मा मागून घेतला, पुन्हा बघितलं. काही नाही.

एकाच दिवशी, एकाच मोठ्या बाटलीतून, एकाच नरसाळ्यानं भरलेला माल. फरक एकच होता. सरांनी ड्रॉपर काढला आणि त्याचा काळा रबरी फुगा दोन बोटांत दाबला. बोटांना चिकट लागला. वास घेतला, सायकलच्या ट्यूबसारखा.

रबर मऊ राहावं म्हणून त्यात जे काही घातलेलं असतं ते अल्कोहोल हळूहळू काढून घेतं. बाटली उभी असली तर नुसती वाफ लागते, वेळ जास्त लागतो. निपाणीवाल्याची बाटली दीड महिना बॅगेच्या खिशात आडवी होती, रबर त्यात अक्षरशः भिजत पडलेलं. म्हणून त्याचं कडं सगळ्यात जाड. शुद्धतेसाठी आम्ही प्रयोगशाळेच्या दर्जाचं अल्कोहोल आणलं आणि औषधाच्या थेंबांच्या बाटलीत भरून ठेवलं. तयार लिक्विडच्या त्या एकशे ऐंशीच्या बाटलीचं प्लॅस्टिक, तिची चोच, तिचं झाकण यासाठीही आपण पैसे देत असतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

याच सुमारास आणखी एक उलगडा झाला. पक्षीवाल्यांपैकी तिघांची तक्रार होती की कितीही पुसलं तरी लेन्स स्वच्छ होत नाही. सरांनी मागून उजेड टाकून बघितलं. तिघांच्याही लेन्समध्ये आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ती बाहेरून कुठल्याही लिक्विडनं जात नाही, लेन्स उघडावी लागते. त्यांना लिक्विडची गरजच नव्हती. हवा होता घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. आणि सरांच्या स्वतःच्या दुर्बिणीचा आरसा? त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. तो कधी चोळून पुसायचा नसतो. पाण्याची धार, थोडा सौम्य साबण, शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि उभा करून वाळवणं. त्यांच्या दोन बाटल्या तशाच भरलेल्या होत्या.

हिशेब

वाटलेल्या चौतीस बाटल्यांतलं लिक्विड काचेसाठी बाद. ते फेकलं नाही, मोरीत तर नाहीच. ट्रायपॉडचे पाय, स्टिकरचा गोंद, फ्लॅशचे संपर्कबिंदू असल्या कामाला लावलं. माझ्या कपाटातल्या सहा बाटल्या, ३६० मिली, शाबूत. भर म्हणून पाचशे मिलीची सीलबंद बाटली घेतली, ४०० अधिक जीएसटी, ४७२ रुपये. एचडीपीई प्लॅस्टिकच्या तीस मिलीच्या तीस बाटल्या, ९ रुपयांप्रमाणे २७०. त्या आधी काचपट्टीवर तपासून घेतल्या. या वेळी आम्ही पंधरा दिवस एक बाटली आडवी ठेवून मगच बाकीच्या भरल्या.

यासाठी प्रत्येकी ४५ रुपये आणखी काढले. एकूण खर्च ४,२८३. वापरण्याजोगं लिक्विड ८६० मिली. मिलीला पाच रुपयांना दोन पैसे कमी. दुकानात तीन होता.

मग लॅबवाल्यानं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. पिपेटनं थेंब मोजले. पाण्याचे मिलीत वीसेक थेंब बसतात, या अल्कोहोलचे पन्नासच्या आसपास, कारण थेंबच बारीक पडतो. एकदा पुसायला तीन थेंब. स्टुडिओवाला आठवड्याला पंचवीस वेळा पुसतो असं धरलं तरी वर्षाला ऐंशी मिलीच्या आत. लॅबचंही तेवढंच. आम्हा बाकीच्यांना पंचवीस मिली पुरतं. सहा जणांचे ४८०, अकरा जणांचे २७५. सगळ्या सतरा जणांना मिळून वर्षाला ७५५ मिली. आम्ही आणलं होतं अडीच लिटर, तीन वर्षांचं.

खानापूरच्या काकांना मी हा आकडा फोनवर सांगितला. ते एवढंच म्हणाले, "बरं."

मग काय केलं

बेळगावात खडेबाजारच्या आतल्या गल्लीत एक छोटं दुकान आहे. कॅमेऱ्याचे पट्टे, बॅटऱ्या, पासपोर्ट फोटोचा कागद असलं सामान. मालक कन्नड आणि मराठी दोन्ही एकाच वाक्यात बोलतो. आमच्यातले सहा जण पूर्वी त्याच्याकडूनच घ्यायचे आणि त्याच्या तिन्ही बाटल्या पहिल्या चाचणीत स्वच्छ निघाल्या होत्या. सामूहिक खरेदीच्या भरात त्याला कुणी विचारलंही नव्हतं. त्याला सगळं माहीत होतं, अर्थात.

मी गेलो तर त्यानं स्टूल पुढं केलं, चहा सांगितला आणि त्याची बाजू मांडली. बारा बाटल्यांची पेटी त्याला घ्यावी लागते. खपायला आठ-नऊ महिने. तेवढे दिवस पैसे अडकतात, एखाद्या बाटलीचं झाकण गळतं, एखादं गिऱ्हाईक उघडून परत आणतं. २०२० मध्ये सॅनिटायझरच्या दिवसांत अल्कोहोलचे भाव चढले तेव्हा तर पेटीच येईना. एकशे ऐंशीत हे सगळं असतं. "तुमी बारांचा शब्द देत असला तर मला थांबायचं काम नाही," तो म्हणाला. "मग भावाचं नोडोण." म्हणजे बघूया.

बाराही बाटल्यांचा शब्द दिला. भाव १४० वर आला. साठ मिलीला एकशे चाळीस, म्हणजे मिलीला दोन रुपये तेहतीस पैसे. बारा बाटल्या म्हणजे ७२० मिली, आमच्या वर्षाच्या गरजेच्या जवळपास. प्रत्येकाला स्वतंत्र बिल, त्यामुळं नोंदणीवाल्यांची वजावटीची कुरकुर मिटली. सील तुटलेलं निघालं तर बदलून. पेटी आली की तीन बाटल्या त्याच्या समोर उघडून काचपट्टीवर बघायच्या, ही आमची अट. ती त्यानं लगेच मान्य केली. तयार मिश्रणामुळं घामाच्या डागाचाही प्रश्न सुटला.

निपाणीवाला यात नाही. तो आता कोल्हापुरात एका दुकानातून घेतो, बिलासकट, आणि स्वतःची काचपट्टी घेऊन जातो. चिकोडीवाल्याची बाटली कुणी तिकडं जाणारा नेतो.

वेगळं काय करता आलं असतं

मला विचाराल तर पहिली चूक फळ्यावर झाली. मिलीचा भाव काढला आणि थेंब मोजले नाहीत. सतरा जणांचा वर्षाचा वापर आधी लिहिला असता तर अडीच लिटरचा विषयच निघाला नसता, पाचशे मिलीच्या दोन सीलबंद बाटल्यांत काम होतं. लॅबवाला मात्र म्हणतो की चूक भांड्याची. ड्रॉपरऐवजी एचडीपीई घेतलं असतं तर तीन वर्षांचा माल मिलीला दीड रुपयात पडला असता, आणि बंद बाटलीत अल्कोहोल काय खराब होत नाही. हिशेबानं त्याचंही बरोबर आहे. पण ते अल्कोहोल सारखं उघडझाप केलं तर हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्या पावसाळ्यात तीन वर्षं माझ्या जिन्याखाली दीडदोन लिटर ज्वलनशील माल ठेवायचा हे घरी कुणी मान्य करणार नव्हतं. त्या कपाटाचं भाडं कुणी धरलं नव्हतं.

दुसरं, एकच बाटली भरून पंधरा दिवस थांबायला हवं होतं. लग्नाचा हंगाम डोक्यावर होता म्हणून घाई केली. आणि तक्रार ऐकताना लेन्स बघायला हवी होती. तिघांची बुरशी डिसेंबरात कळली असती तर तीन लेन्स लवकर उघडल्या असत्या. त्यातली एक आता वाचणार नाही, बुरशीनं काचेवरचा लेप खाल्लाय.

पहिल्या त्या सदोष बाटलीचं आम्ही काय करायला हवं होतं, यावर अजून एकमत नाही. बिल नसताना दुकानदाराला धरता येत नाही हे खरं, पण एका बाटलीवरून आम्ही सगळ्याच छोट्या दुकानांवर फुली मारली, आणि स्वच्छ निघालेल्या तीन बाटल्या त्याच टेबलावर होत्या.

पुढची पेटी दसऱ्याच्या आधी मागवायची आहे. बारांपैकी दहा नावं आलीत. खडेबाजारवाल्यानं आता गल्ल्याच्या शेजारी आरशाचा एक तुकडा काळ्या कापडावर चिकटवून ठेवलाय. गिऱ्हाईक आलं की थेंब टाकतो आणि मोबाईलची बॅटरी तिरकी धरतो. आणि दोन्ही वर्गण्या मिळून ५२ रुपये अजून माझ्याकडं पडून आहेत. सतरा जणांत कसे वाटायचे ते कुणी सांगत नाही.